ऑइलपेंटचा वास कसा घालवला

गणपतीच्या आधी दारं, खिडक्या आणि स्वयंपाकघरातलं लाकडी कपाट ऑइलपेंटने रंगवून घेतलं. भिंतींच्या डिस्टेंपरचा वास दोन दिवसांत गेला, पण ऑइलपेंटचा काही हटेना. पाऊस आत येतो म्हणून आम्ही खिडक्या बंद ठेवल्या होत्या, तीच चूक. ऑइलपेंट नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. कोंडलेल्या दमट हवेत ते काम रेंगाळतं.

शेजारच्या काकूंनी कांदा चिरून ठेवायला सांगितला. ठेवला. मग घराला रंगाचा आणि कांद्याचा, असे दोन वास!

शेवटी टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावला, म्हणजे हवा बाहेर फेकली जाईल, आणि समोरची बाल्कनी उघडी टाकली. पंखा खोलीकडे वळवला तर वास नुसता फिरत राहतो. चार दिवसांत बराच फरक पडला. कपाटाची दारं मात्र आठवडाभर सताड उघडी ठेवली आणि आत लाकडी कोळशाचे तुकडे ताटलीत ठेवले. कोळसा वास धरून ठेवतो, उदबत्ती फक्त झाकते.

तरी पॅसेजमध्ये भपकारा यायचाच. माळ्यावर पाहिलं तर रंगाऱ्याने टर्पेंटाइनचा अर्धा डबा झाकण न लावता ठेवलेला, शेजारी रंगाच्या चिंध्यांचा बोळा. असा बोळा आपोआप तापून पेटूही शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवल्या, मग टाकल्या. त्याच रात्री पॅसेज मोकळा झाला.