भारतीय बॅडमिंटन संघाची वही: पाच घरं कशी भरायची

परभणीत मी शाळेत खेळ शिकवते आणि संध्याकाळी हॉलवर लेकरांचं बॅडमिंटन घेते. माझ्याकडे येणारं प्रत्येक लेकरू रॅकेटसोबत एक वहीही आणतं. त्या वहीत भारतीय संघाच्या लढती लिहायच्या असतात. ‘भारत ३-२ ने जिंकला’ एवढ्यावर मी सही करत नाही. ते तीन कोणी आणले आणि दोन कुठे गेले, हे पान बघताच कळलं पाहिजे.

पान आडवं धरा. डावीकडे वर्ष, स्पर्धा आणि समोरचा संघ. पुढे पाच घरं आखा: पहिली एकेरी, पहिली दुहेरी, दुसरी एकेरी, दुसरी दुहेरी, तिसरी एकेरी. पुरुषांचा थॉमस कप आणि महिलांचा उबर कप या देशादेशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धा, दोन्हीकडे लढत अशी पाच सामन्यांची असते. तीन सामने ज्याचे, लढत त्याची. एकेरीचे तिघे जागतिक क्रमवारीप्रमाणेच उतरवावे लागतात, त्यामुळे तिसऱ्या घरातल्या खेळाडूला पहिल्या घरात सरकवता येत नाही. कधी कधी एकच खेळाडू एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळतो, मग त्याला दम खायला मिळावा म्हणून सामन्यांचा क्रम बदलतात. तेव्हा गोंधळू नका, ज्याचं घर त्याच्या घरातच लिहा.

सुदीरमन कप या मिश्र संघांच्या स्पर्धेला वेगळं पान घ्या, तिथे मिश्र दुहेरीही असते. आणि १९८२ पर्यंत थॉमस कपच्या लढतीत नऊ सामने होते, म्हणून १९७९ ची आपली उपांत्य फेरी या पाच घरांत बसवायला जाऊ नका.

जिंकलं तर ‘जि’, हरलं तर ‘ह’. खाली खेळाडूचं नाव बारीक अक्षरात. गुण लिहायचे तर पेन्सिलने.

आता सरावाला २०२२ चा बँकॉकचा थॉमस कप घ्या. मे महिना होता, हॉलची दारं लावून घेतली की आत भट्टी पेटते, पंखा लावावा तर शटल भरकटतं. तशात लेकरं घामाघूम होऊन एका मोबाईलभोवती बसली होती.

उपांत्यपूर्व फेरी, मलेशिया. लक्ष्य सेन ली झी जियाकडून हरला: ह. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी: जि. किदांबी श्रीकांत: जि. दुसरी दुहेरी: ह. एच. एस. प्रणॉय: जि. म्हणजे ह-जि-जि-ह-जि.

उपांत्य फेरी, डेन्मार्क. लक्ष्य व्हिक्टर अ‍ॅक्सेलसेनकडून हरला. पुढची घरं भरा आणि दोन्ही ओळी एकाखाली एक धरा. ह-जि-जि-ह-जि. अक्षरही बदललेलं नाही! पाचव्या सामन्यात प्रणॉयचा घोटा दुखावला होता, पहिला गेम १३-२१ असा गेला होता, आणि तिथून त्याने रासमुस गेमकेला २१-९, २१-१२ असं हरवलं. तिसरी एकेरी म्हणजे उरलेल्याची जागा असं ज्याला वाटतं, त्याला मी ही ओळ मोठ्याने वाचायला लावते.

अंतिम फेरीत इंडोनेशिया. तोवर चौदा वेळा थॉमस कप जिंकलेला संघ. लक्ष्यने अँथनी गिंटिंगविरुद्ध पहिला गेम ८-२१ असा गमावून सामना काढला, सात्विक-चिरागनेही पहिला गेम गमावून जिंकलं, श्रीकांतने जोनाथन क्रिस्टीला सरळ दोन गेममध्ये हरवलं. जि-जि-जि, पुढची दोन घरं रिकामी. रिकाम्या घरात आडवी रेघ मारा.

गटातला चायनीज तैपेई म्हणजे तैवानविरुद्धचा २-३ असा पराभवही लिहा. कप आला म्हणून ती ओळ गाळायची नाही. तिथे ह-ह-जि-ह-जि.

ओळी झाल्या की वही वरून खाली वाचायची, खरं काम तिथे आहे. चौथ्या घरावर, म्हणजे दुसऱ्या दुहेरीवर बोट ठेवा. तैपेई, मलेशिया, डेन्मार्क: ह, ह, ह. पुढे २०२३ मध्ये झालेल्या हांगझोउच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भरा. चीनविरुद्ध पहिले दोन सामने आपले, मग श्रीकांत हरला, दुसरी दुहेरी गेली, आणि पाठीच्या दुखण्याने प्रणॉय नसल्यामुळे पाचव्या घरात मिथुन मंजुनाथ उतरला, तोही हरला. जि-जि-ह-ह-ह. रौप्यपदक. चौथं घर पुन्हा ‘ह’.

मुलींनो, तुमचं पान २०२४ च्या आशियाई सांघिक स्पर्धेपासून सुरू करा. मलेशियात शाह आलमला आपण सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत थायलंडविरुद्ध जि-जि-ह-ह-जि, उपांत्य फेरीत जपानविरुद्ध ह-जि-जि-ह-जि. पाचव्या घरात दोन्ही वेळा सतरा वर्षांची अनमोल खरब. गटात चीनविरुद्धही पाचवा सामना तिनेच जिंकून दिला होता. त्या चीनच्या लढतीत मात्र चौथ्या घरात ‘जि’ आहे, कारण उपांत्य आणि अंतिम फेरीत पहिली दुहेरी खेळलेली ट्रीसा जॉली आणि गायत्री गोपीचंद ही जोडी तिथे खेळली. त्या ‘जि’ला लाल गोल करा. याच पानावर उबर कपची २०१४ आणि २०१६ ची कांस्यपदकंही नोंदवा.

माझं मत स्पष्ट आहे: आपल्या संघाला एकेरीचे खेळाडू मिळतात, एक अव्वल जोडीही मिळते, दुसऱ्या जोडीवर घोडं अडतं. आणि त्याचं मूळ आमच्यासारख्या हॉलमध्येही आहे. पालक येतात आणि म्हणतात, “मॅडम, आमच्या पोराला एकेरीतच उतरवा.” मी त्यांच्यापुढे वही ठेवते आणि चौथं घर दाखवते.

म्हणून वहीचं शेवटचं पान आपल्या शाळेच्या संघासाठी ठेवा. तीच पाच घरं, पण भरायची उलट्या बाजूने: आधी दुसरी दुहेरी, मग पहिली दुहेरी, एकेरी सगळ्यात शेवटी. जोडी ठरली की ती महिनाभर मोडायची नाही. आठवड्यातले दोन दिवस फक्त दुहेरीचे: सर्व्हिस, सर्व्हिसचा परतावा आणि पुढे-मागे जागा बदलणं. मधल्या शटलवर कोण जाणार, हे दोघांनी बोलून ठरवायचं आणि तेही वहीत लिहायचं.