अपडेट टाकलं, पण अ‍ॅप दिसेना: प्ले स्टोअरवरच्या या चुका टाळा

ऑक्टोबरात सोयाबीन मोंढ्यात यायला लागलं की लातूर, नांदेड, हिंगोलीकडे आडत दुकानांसाठी अ‍ॅप बनवणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. "अपडेट टाकलं म्हणता, माझ्या नव्या फोनात तर तुमचं अ‍ॅपच दिसेना." मग रात्री बसून डिस्क्रिप्शनमध्ये 'सोयाबीन भाव, तूर भाव, आजचे भाव' दहा ठिकाणी कोंबलं जातं. ही मेहनत बहुतेक वेळा फुकट जाते. सर्चमध्ये मागं पडणं ही सगळ्यात शेवटी तपासायची शक्यता. अपडेट खरंच बाहेर पडलं आहे का आणि त्या गिऱ्हाइकाच्या फोनला ते दाखवायला स्टोअरचा नियम आडवा येतोय का, हे आधी बघायचं.

नव्या फोनातच दिसत नसेल तर

माझ्या मते निम्मा गोंधळ इथंच असतो. प्रत्येक अ‍ॅपला टार्गेट एपीआय नावाचा आकडा असतो: हे अ‍ॅप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीचे नियम पाळून बनवलं, ते तो सांगतो. गुगल ही पायरी दरवर्षी वर सरकवतं. 31 ऑगस्ट 2025 पासून नवं अ‍ॅप किंवा अपडेट टाकायचं तर टार्गेट अँड्रॉइड 15, म्हणजे एपीआय 35 लागतं. आधीपासून स्टोअरवर असलेल्या अ‍ॅपला किमान एपीआय 34. त्याखाली राहिलं तर अ‍ॅप काढून टाकत नाहीत. अ‍ॅपच्या टार्गेटपेक्षा नवी अँड्रॉइड आवृत्ती ज्या फोनात आहे, तिथल्या नव्या वापरकर्त्यांपासून ते फक्त लपवतात.

हा 'फक्त'च घात करतो. ज्यांनी अ‍ॅप आधी घेतलं होतं त्यांना ते दिसत राहतं, आणि बनवणाऱ्याचा स्वतःचा फोन त्यातच मोडतो. म्हणून "माझ्याकडं तर दिसतंय" या वाक्याला काही अर्थ नाही. दिवाळीला नवा फोन घेतलेला, पहिल्यांदाच अ‍ॅप शोधणारा शेतकरी मात्र हात हलवत परत जातो. तपासायचं तर ज्या खात्यावर अ‍ॅप कधीच घेतलेलं नाही, अशा नव्या फोनात थेट लिंक उघडून बघा.

टार्गेटचा आकडा बदलून फाइल चढवली की काम झालं, असंही नाही. एपीआय 35 केल्यावर अँड्रॉइड 15 च्या फोनात अ‍ॅप काठापासून काठापर्यंत पसरतं, आणि 'भाव नोंदवा'चं बटण खालच्या नेव्हिगेशन पट्टीआड जातं. जुन्या नेटिव्ह लायब्ररी (सी/सी++ मधले तयार कोडचे तुकडे) असतील तर 1 नोव्हेंबर 2025 पासून 16 केबी मेमरी पेजची, म्हणजे मेमरी 16 केबीच्या तुकड्यांत वाटणाऱ्या फोनातही ते चालायला हवेत, ही अटही आहे. हे काम हंगामाच्या तोंडावर काढू नका, जून-जुलैत उरका. त्याच झटक्यात किमान अँड्रॉइड आवृत्तीही वर नेली, तर गावाकडचे जुने फोन बाहेर पडतात. प्ले कन्सोलच्या (बनवणारे जिथून अपडेट चढवतात ते गुगलचं पान) डिव्हाइस कॅटलॉगमध्ये वगळलेल्या फोनांची यादी दिसते. अपडेटआधी आणि नंतर, दोन्ही वेळा ती बघा.

मंजुरी मिळाली म्हणजे अपडेट पोहोचलं, असं धरू नका

मॅनेज्ड पब्लिशिंग चालू असेल तर तपासणी पूर्ण झालेलं अपडेटही तुम्ही बटण दाबेपर्यंत आतच बसून राहतं. कोणीतरी कधीतरी ते चालू करून ठेवलेलं असतं आणि कोणाच्या लक्षात नसतं. दुसरं, स्टेज्ड रोलआउट, म्हणजे अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडणं: 10 टक्क्यांवर सोडलं असेल तर उरलेल्या 90 टक्क्यांना जुनंच अ‍ॅप मिळणार. त्यात बिघाड निघाला तर रोलआउट थांबवता येतो, पण मागं घेता येत नाही; जास्त व्हर्जन कोडची (अपडेटचा अनुक्रमांक) नवी फाइलच चढवावी लागते.

आणि एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या लेखांत सहसा नसते. अनेक फोनांत ऑटो-अपडेट फक्त वायफायवर होतं. मोबाइल डेटावर चालणाऱ्या गावात वायफाय येणार कुठून? तिथं अपडेट स्टोअरवर आहे, फोनात नाही. यावर इन-अ‍ॅप अपडेटची, म्हणजे अ‍ॅपच्या आतूनच अपडेट घ्यायची, सोय बसवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (अ‍ॅप बसवायची फाइल) फिरवू नका. त्यावर दुसरी डिजिटल सही असेल तर पुढं स्टोअरचं अपडेट त्या फोनात बसतच नाही.

नावात आणि वर्णनात गर्दी

नावाला 30 अक्षरं, छोट्या वर्णनाला 80, मोठ्या वर्णनाला 4000. नावात, आयकॉनवर किंवा डेव्हलपरच्या नावात 'नंबर वन', 'बेस्ट', सवलतीची भाषा, इमोजी चालत नाहीत. कोणाचे ते न सांगता गिऱ्हाइकांचे निनावी अभिप्राय वर्णनात चिकटवणंही नियमात बसत नाही. अशा लिस्टिंगमुळं (स्टोअरवरचं माहितीचं पान) अपडेट नाकारलं जातं आणि जुनंच अ‍ॅप स्टोअरवर राहतं. कोडमध्ये काहीच चूक नसते, अ‍ॅप बनवणारं पोरगं मात्र दोन दिवस कोड तपासत बसतं.

आपल्याकडं शहरांच्या नावांची अडचण वेगळी. कोणी छत्रपती संभाजीनगर शोधतो, कोणी औरंगाबाद, कोणी धाराशिव, तर कोणी उस्मानाबाद, आणि तेही कधी रोमन लिपीत. म्हणून सगळी नावं स्वल्पविराम देऊन खाली ओतली की तो कीवर्डचा ढीग ठरतो. 'छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) आणि जालना इथल्या मोंढ्यातले भाव' असं सरळ वाक्य लिहा. मराठी लिस्टिंग वेगळी भरा, भाषांतर यंत्रावर सोडू नका.

सरकारी असल्याचा आव

सातबारा, पीक विमा, बाजार समितीचे दर दाखवणाऱ्या अ‍ॅपांनी इथं जपावं. तुम्ही सरकारी संस्था नसाल तर माहिती कुठून घेतली त्याची लिंक आणि आपला सरकारशी संबंध नाही, हा खुलासा स्पष्ट द्यावा लागतो. आयकॉनवर अशोकस्तंभ तर नकोच नको. वर्षानुवर्षं चाललेलं अ‍ॅपसुद्धा पुढच्या अपडेटच्या तपासणीत यावरून अडकू शकतं, आणि "आधी तर चालत होतं" हे उत्तर तिथं चालत नाही.

सगळं जागेवर असूनही मागं पडत असेल तर

आता रँकिंगकडं वळा. पण कीवर्डआधी अँड्रॉइड व्हायटल्स, म्हणजे कन्सोलमधला अ‍ॅपच्या तब्येतीचा अहवाल, उघडा. रोजच्या वापरकर्त्यांपैकी 1.09 टक्क्यांहून जास्त लोकांना क्रॅश, किंवा 0.47 टक्क्यांहून जास्त लोकांना अ‍ॅप गोठल्याचा अनुभव आला तर गुगल दृश्यमानता कमी करू शकतं. एकाच मॉडेलच्या फोनात हे प्रमाण 8 टक्क्यांवर गेलं तर त्या मॉडेलवर अ‍ॅप मागं पडतं, लिस्टिंगवर इशाराही येऊ शकतो. आपले गिऱ्हाईक ठरावीक स्वस्त मॉडेलं वापरतात, म्हणून हा 8 टक्क्यांचा आकडा आपल्याला जास्त लागू. त्यातला एखादा फोन विकत घेऊन टेबलावर ठेवा.

वैतागून नवं अ‍ॅप टाकू नका

पॅकेजचं नाव (स्टोअर अ‍ॅपला ज्यानं ओळखतं ते) बदललं की स्टोअरच्या लेखी ते वेगळंच अ‍ॅप: जुनी रेटिंग, डाउनलोड, अभिप्राय सगळं तिकडंच राहतं. नवं वैयक्तिक खातं उघडलं तर आधी 12 परीक्षकांसोबत सलग 14 दिवस क्लोज्ड टेस्टिंग (फक्त निवडक लोकांपुरती चाचणी), मग प्रकाशनाचा अर्ज. तोवर सोयाबीन विकून झालेलं असतं. जुनं खातं नियमभंगामुळं बंद झालं असेल तर त्याच माणसाचं दुसरं खातंही बंद होतं. अपलोड की (अपडेटवर डिजिटल सही करायची गुप्त फाइल) हरवली म्हणून नवं अ‍ॅप टाकणारेही भेटतात. प्ले अ‍ॅप सायनिंग (अ‍ॅपची मूळ सही गुगलकडं ठेवायची सोय) चालू असेल तर कन्सोलमधून ती की बदलून मागता येते.