रानातली मशरूम शोधायची तर आधी एकच जात पक्की करा

पहिल्याच फेरीत टोपली भरून आणायची स्वप्नं बघू नका, एकच जात धरा आणि तीच नीट शिका. माझं विचाराल तर शँटरेल. पिवळीधमक असतात, पाचोळ्यात लांबूनही दिसतात, वास जर्दाळूसारखा.

पण पिवळं दिसलं की तोडलं असं नाही करायचं, उलटं करून बघायचं. शँटरेलला खाली सुटे गिल्स, म्हणजे टोपीखालच्या पातळ पट्ट्या, नसतात, बोथट सुरकुत्या असतात, मधेच फाटे फुटलेल्या आणि देठावर खालपर्यंत उतरलेल्या, नखाने खरवडून वेगळ्या निघत नाहीत. उभं फाडलं की आतला गर पांढरट. आता जॅक ओ लँटर्न नावाचं विषारी मशरूमही केशरीच असतं, पण त्याचे गिल्स पातळ, धारदार, आतला गरही केशरटच आणि ते लाकडावर झुबक्याने येतं. लाकूड मातीखाली गाडलेलं असलं की वाटतं जमिनीतूनच उगवलंय, इथेच माणूस फसतो.

शोधताना खाली नाही, आधी वर बघा. शँटरेल काय किंवा पोर्चिनी नावाचं दुसरं खायचं मशरूम काय, झाडांच्या मुळांशी जोडून वाढतात, म्हणून ओक, बीच, पाइन ओळखता आले की अर्धं काम झालं. पाऊस पडून काही दिवस गेले की जा. एकदा सापडलेल्या झाडाखाली पुढच्या वर्षीही मिळायची शक्यता असते, तेव्हा लोकेशन फोनमध्ये सेव्ह करा (आणि कुणाला सांगू नका).

मोरेल नावाचं मशरूम वसंतातलं, टोपीला मधाच्या पोळ्यासारखे खड्डे. उभं चिरलं की टोपीपासून देठापर्यंत एकच पोकळी दिसली पाहिजे, आत कापसासारखं काही भरलेलं किंवा कप्पे असतील तर फेका. खरं मोरेलसुद्धा कच्चं खायचं नाही.

आता डेथ कॅप, जीवघेणं विषारी मशरूम. शिकताय तोवर प्रत्येक मशरूम बुडासकट उकरून काढा, कारण याची मुख्य खूण, देठाच्या बुडाची पिशवी, मातीत असते आणि वरून चाकूने कापलं की ती तिथेच राहते. गिल्स पांढरे, देठावर बहुतेक वेळा कडं. याचं विष शिजवून जात नाही. उलट्या-जुलाब साधारण 6 ते 24 तासांनी सुरू होतात, मग जरा बरं वाटतं आणि तेवढ्यात आत लिव्हर निकामी होत असतं. चांदीचा चमचा काळा पडला नाही, किड्यांनी खाल्लंय म्हणजे चालतंय, हे सगळं थोतांड आहे.

थोडी जरी शंका असली तरी टोपलीत टाकू नका. पहिल्यांदा खाताना ओळखणाऱ्या माणसाला दाखवून, नीट शिजवून, दोन-चार घासच खा आणि एक अख्खं कच्चं मशरूम कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, काही झालंच तर डॉक्टरांना दाखवायला.