एक्झिक्यूशन प्लॅन वाचताना या चुका टाळा

संथ क्वेरीचा प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती कोणत्या टप्प्यांनी चालवतो याचा आराखडा, काढला की नजर आधी 'सीक्वेन्शियल स्कॅन' (सगळे टेबल सलग वाचणे) या शब्दांवर अडते, लगेच नवा इंडेक्स (ओळी चटकन शोधून देणारी सूची) तयार होतो, आणि क्वेरी मात्र होती तितकीच संथ राहते. टेबलातील बहुतेक ओळी लागणार असतील तर सलग वाचणेच स्वस्त पडते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सलग पान (साठवलेल्या डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) वाचण्याची किंमत मुळात १ आणि विखुरलेले पान वाचण्याची ४ धरलेली असते. इंडेक्स नाकारण्यामागे प्लॅनरचा, म्हणजे प्लॅन निवडणाऱ्या भागाचा, असा हिशेब असतो. संशय घ्यावा तो फिल्टरने गाळलेल्या ओळी लाखांत आणि हाती आलेल्या मोजक्याच असतील तेव्हा. प्लॅनमधील 'कॉस्ट' म्हणजे हीच अंदाजी किंमत, मिलिसेकंद नव्हेत, हेही येथेच लक्षात ठेवावे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे: ओळींचा अंदाज प्रत्यक्ष आकड्याशी ताडून न पाहणे. प्लॅन दाखवणारी 'एक्स्प्लेन' ही आज्ञा नुसती चालवली तर फक्त अंदाज दिसतो. 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' चालवले की अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा येतो, आणि माझ्या मते प्लॅनमध्ये आधी वाचायची असते ती हीच जोडी. समजा, वाहनांच्या टेबलात २४ लाख ओळी आहेत. निवडलेली कंपनी २० पैकी एका ओळीत आणि निवडलेले मॉडेल ५० पैकी एका ओळीत आढळते. प्लॅनर दोन्ही अटी स्वतंत्र मानून गुणाकार करतो आणि २,४०० ओळींचा अंदाज बांधतो. पण ते मॉडेल त्याच कंपनीचे असल्यामुळे प्रत्यक्षात ४८,००० ओळी येतात. थोड्या ओळींच्या भरवशावर निवडलेला 'नेस्टेड लूप' (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात शोध घेणारी जोडणी) मग दुरुस्तीच्या नोंदींच्या टेबलात ४८,००० वेळा शिरतो. तेथील इंडेक्स स्कॅनपुढे वेळ दिसते जेमतेम ०.१ मिलिसेकंद, म्हणून तो टप्पा निर्दोष वाटतो. ही वेळ एका फेरीची सरासरी असते. तिला 'लूप्स'च्या आकड्याने गुणले की ४.८ सेकंद होतात.

अशा वेळी प्रथम त्या टेबलावर 'ॲनालाइझ' चालवून आकडेवारी ताजी करावी. तरीही तफावत राहिली, तर दोन्ही स्तंभांवर 'क्रिएट स्टॅटिस्टिक्स' वापरून त्यांचे परस्परावलंबन नोंदवावे आणि पुन्हा 'ॲनालाइझ' करावे. ही सोय आवृत्ती १० पासून आहे.

इंडेक्स असूनही वापरला जात नसेल तर अट तपासावी. वेळेच्या स्तंभावर फंक्शन लावून तारीख काढली की साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी 'या दिवसाच्या आरंभापासून पुढच्या दिवसाच्या आरंभापूर्वी' अशी मर्यादा लिहावी.

एक सावधगिरी कळकळीने सांगतो. 'एक्स्प्लेन ॲनालाइझ' क्वेरी खरोखर चालवते, त्यामुळे 'डिलीट' किंवा 'अपडेट' तपासताना ते 'बिगिन' (व्यवहार सुरू करणे) आणि 'रोलबॅक' (झालेले बदल रद्द करणे) यांच्या मध्येच चालवावे. तसेच 'बफर्स' हा पर्याय जोडावा, म्हणजे दुसऱ्या खेपेला आलेला वेग तुमच्या बदलामुळे आला की पाने आधीच मेमरीत असल्यामुळे, हे 'हिट' (मेमरीत सापडलेली पाने) आणि 'रीड' (बाहेरून वाचावी लागलेली पाने) या आकड्यांवरून कळते.