डॉकर कंटेनर बॅकग्राउंडला सोडताना या चुका टाळा

डॉकर हे ॲप्लिकेशनला कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन, आणि ‘-डी’ म्हणजे तो कंटेनर बॅकग्राउंडला सोडणं. टर्मिनलवर ‘डॉकर रन -डी’ मारलं, ६४ अक्षरांची आयडी छापून आली, प्रॉम्प्ट परत मिळाला. काम झालं असं धरून माणूस ब्राउझर उघडतो आणि पान काही येत नाही. मग आधी पोर्टवर संशय, मग फायरवॉलवर, मग नेटवर्कवर. पण ती आयडी एवढंच सांगते की डॉकरने कंटेनर तयार केला आणि त्यातली पहिली प्रोसेस सुरू करून दिली. पुढच्याच क्षणी ती प्रोसेस मेली तरी टर्मिनल गप्प राहणार, कारण ‘-डी’ देऊन आपणच तिचं बोलणं पडद्यावरून काढून घेतलेलं असतं. म्हणून बॅकग्राउंडला सोडलेल्या कंटेनरची चौकशी आपण होऊन करावी लागते. खालच्या बहुतेक चुका ती चौकशी न केल्याने, किंवा चुकीच्या जागी केल्याने होतात.

कंटेनर उठतो आणि लगेच बंद पडतो

सर्वात जास्त वेळ या एका गोष्टीत वाया जातो, म्हणून जरा सविस्तर बघू. ‘डॉकर पीएस’ फक्त चालू कंटेनर दाखवतं. तिथे यादी रिकामी दिसली की कंटेनर बनलाच नाही असं वाटतं आणि तीच कमांड पुन्हा मारली जाते. त्याऐवजी ‘डॉकर पीएस -ए’ मारा. बंद पडलेले कंटेनरही दिसतील आणि स्टेटसच्या रकान्यात ‘एक्झिटेड’ या शब्दापुढे कंसात एक आकडा असेल.

‘डॉकर रन -डी उबंटू’ करून बघा. स्टेटस ‘एक्झिटेड (०)’ येतं. शून्य म्हणजे काहीही बिघडलेलं नाही. उबंटूच्या इमेजमध्ये (इमेज म्हणजे कंटेनर बनवण्याचा तयार साचा) ठरलेली कमांड बॅश हे शेल आहे. बॅशला टर्मिनल मिळालं नाही, वाचायला इनपुट मिळालं नाही, म्हणून ती शांतपणे संपली. कंटेनरचं आयुष्य त्याच्या पहिल्या प्रोसेसएवढंच असतं; ती संपली की तोही संपला. प्रयोगासाठी शेल जिवंतच ठेवायचं असेल तर ‘-डी’ बरोबर ‘-आय’ (इनपुट उघडं ठेवायला) आणि ‘-टी’ (टर्मिनल मिळायला) द्या.

याच कारणाचा दुसरा अवतार जास्त फसवा आहे. लिनक्स सर्व्हरवर काम केलेल्या माणसाच्या हाताला ‘सर्व्हिस एन्जिनएक्स स्टार्ट’ची सवय असते, आणि तो तीच ओळ कंटेनरची कमांड म्हणून देतो. ती कमांड एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला बॅकग्राउंडला ढकलते आणि स्वतः संपते. पण कंटेनरसाठी पहिली प्रोसेस तीच होती, त्यामुळे एन्जिनएक्ससकट सगळं बंद. कंटेनरच्या आत सर्व्हिस फोरग्राउंडलाच चालली पाहिजे. बॅकग्राउंडला नेण्याचं काम बाहेरून डॉकर करतो. एन्जिनएक्सची अधिकृत इमेज म्हणूनच ‘डीमन ऑफ’ ही सेटिंग देऊन सुरू होते, आणि अपाचेच्या इमेजमध्ये याच कामासाठी ‘एचटीटीपीडी-फोरग्राउंड’ नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवलेली आहे.

यावर इंटरनेटवर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे कमांडच्या शेवटी ‘टेल -एफ /डेव्ह/नल’ जोडणे. कंटेनर जिवंत राहतो हे खरं, पण जिवंत राहतं ते टेल. आतली खरी सर्व्हिस मध्यरात्री मेली तरी ‘डॉकर पीएस’ कंटेनर ‘अप’ आहे असंच सांगत राहील आणि पडलेला कंटेनर पुन्हा उठवणारा रीस्टार्टचा नियम कधी लागूच होणार नाही. आत शिरून काही तपासायचं असेल तेवढ्यापुरतं ठीक आहे. प्रॉडक्शनवर हे कृपा करून करू नका.

एक्झिटचे आकडे ओळखीचे झाले की निम्मा शोध वाचतो. १२५ म्हणजे डॉकरलाच कंटेनर सुरू करता आला नाही. १२६ म्हणजे कमांड सापडली पण चालवता आली नाही, बहुधा परवानगी नाही. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही. टायपिंगची चूक आधी बघा. १४३ म्हणजे कोणीतरी रीतसर थांबवलं. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, म्हणजे सिग्नल ९ पाठवून प्रोसेस मारली गेली. ‘डॉकर किल’नेही हाच आकडा येतो, पण आपण काहीच केलं नसताना १३७ दिसला तर ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएम-किल्ड’ शोधा. तिथे ‘ट्रू’ असेल तर मेमरी संपली होती.

लॉग रिकामा म्हणजे सगळं ठीक, असं नव्हे

आकड्यानंतर लगेच ‘डॉकर लॉग्ज’ आणि पुढे कंटेनरचं नाव. कंटेनर बंद पडलेला असला तरी लॉग वाचता येतो, हे अनेकांना माहीत नसतं. कंटेनर काढून टाकला की मात्र लॉगही जातो. म्हणून नवीन इमेज पहिल्यांदा चालवताना ‘--आरएम’ जोडू नका. दोन सेकंदांत पडलेला कंटेनर स्वतःला पुसून टाकतो आणि का पडला हे सांगायला मागे काही उरत नाही. खरं तर नवी इमेज पहिल्यांदा ‘-डी’शिवायच चालवावी. चूक समोर दिसते, दुरुस्त करता येते, मग तीच कमांड ‘-डी’ लावून सोडावी.

कधी लॉग रिकामाच येतो. डॉकर फक्त स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एररवर आलेलं गोळा करतो. ॲप्लिकेशन आतल्या एखाद्या फाइलीत लिहीत असेल तर ते इथे दिसणार नाही. पायथनचं प्रकरण थोडं वेगळं. टर्मिनल नसलं की तो आउटपुट साठवून ठेवतो आणि ढिगाने बाहेर टाकतो, त्यामुळे प्रिंट केलेल्या ओळी बराच वेळ येतच नाहीत. ‘पायथन -यू’ ने चालवा, किंवा ‘पायथनअनबफर्ड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा.

उलटी अडचण लॉग फुगण्याची. डॉकरचा मूळचा ‘जेसन-फाइल’ ड्रायव्हर जुने लॉग आपण होऊन कापत नाही. बडबड्या ॲपमुळे काही आठवड्यांत डिस्क भरते आणि त्याच मशीनवरचा डेटाबेस अडतो. ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ हे लॉगचे पर्याय पहिल्या दिवशीच द्या. डॉकरच्या मुख्य कॉन्फिग फाइलीत हे बदल केले तर ते नव्या कंटेनरनाच लागू होतात. जुने पुन्हा बनवावे लागतात.

पोर्टची गल्लत

‘डॉकर रन -डी एन्जिनएक्स -पी ८०८०:८०’ या ओळीत चूक दिसते का? इमेजच्या नावानंतर जे येतं ते डॉकरचं राहत नाही, ते कंटेनरच्या आतल्या कमांडला जातं. पोर्ट उघडत तर नाहीच, वर कंटेनर अनोळखी कमांडवर अडखळून पडतो. सगळे पर्याय इमेजच्या नावाआधी लिहा. क्रमही पक्का: कोलनच्या डावीकडे आपल्या मशीनचा पोर्ट, उजवीकडे कंटेनरचा.

मॅपिंग बरोबर असूनही कनेक्शन नाकारलं जात असेल तर आतलं ॲप कुठल्या पत्त्यावर ऐकतंय ते बघा. फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचा डेव्हलपमेंट सर्व्हर, काही सांगितलं नाही तर, १२७.०.०.१ वर बसतो. कंटेनरच्या आत तो पत्ता म्हणजे फक्त तो कंटेनर. ॲपला ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला सांगा.

आता जी चूक मला सर्वात गंभीर वाटते ती. डेटाबेससाठी ‘-पी ५४३२:५४३२’ लिहिलं की पोर्ट मशीनच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर उघडतो. भाड्याच्या सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावून निश्चिंत असलेल्यांनी हे नीट वाचावं: डॉकर लिनक्सच्या ट्रॅफिक गाळणाऱ्या आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो आणि प्रकाशित केलेल्या पोर्टचा ट्रॅफिक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. ‘यूएफडब्ल्यू स्टेटस’ पोर्ट बंद दाखवेल आणि डेटाबेस सगळ्या जगाला उघडा असेल. त्याच मशीनवरून वापरायचा असेल तर ‘-पी १२७.०.०.१:५४३२:५४३२’ लिहा. दुसऱ्या कंटेनरमधूनच वापरायचा असेल तर दोघांना आपण बनवलेल्या एका नेटवर्कवर ठेवा. मग ‘-पी’ची गरजच नाही, नावाने हाक मारता येते.

‘पोर्ट इज ऑलरेडी अलोकेटेड’ अशी एरर आली तर तो पोर्ट आधीच कोणीतरी धरला आहे. पण अर्धवट बनलेला कंटेनर ‘क्रिएटेड’ अवस्थेत मागे राहतो आणि ‘--नेम’ने दिलेलं नाव अडवून बसतो. दुसऱ्या प्रयत्नात नावाचा वाद निघतो तो यामुळे. आधी ‘डॉकर आरएम’ करून तो काढा. नाव देणं टाळू मात्र नका. नाही दिलं तर डॉकर एक विशेषण आणि एका नामवंताचं आडनाव जोडून स्वतःच नाव ठेवतो. त्या यादीत रामन, भाभा, कलाम आहेत, बघून बरं वाटतं. पण घाईच्या वेळी लॉग कोणाचा बघायचा हे त्यावरून कळत नाही.

पोस्टग्रेसचं उदाहरण

पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. ‘डॉकर रन -डी --नेम डीबी पोस्टग्रेस’ मारलं की कंटेनर पडतो. लॉगमध्ये सरळ लिहिलेलं असतं: डेटाबेस तयार केलेला नाही आणि सुपरयूजरचा पासवर्ड दिलेला नाही. ‘-ई’ने ‘पोस्टग्रेस_पासवर्ड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं की चालू होतो. पुढे पासवर्ड बदलायचा म्हणून जुन्याच व्हॉल्यूमवर (कंटेनरबाहेर डेटा ठेवण्याची जागा) नवा पासवर्ड देऊन कंटेनर पुन्हा बनवला तर लॉगिन होत नाही. हे व्हेरिएबल फक्त डेटाची जागा रिकामी असताना, पहिल्या वेळीच वाचलं जातं. नंतरचा बदल एसक्यूएलनेच करायचा.

कंटेनर काढला आणि डेटा गेला, ही याच्या पुढची तक्रार. थांबा, घाईने न वापरलेलं पुसणारं ‘प्रून’ करू नका. पोस्टग्रेसच्या इमेजमध्येच व्हॉल्यूम जाहीर केलेला असतो, त्यामुळे ‘-व्ही’ दिला नसला तरी डेटा एका निनावी व्हॉल्यूममध्ये जातो. साध्या ‘डॉकर आरएम’ने तो पुसला जात नाही. ‘डॉकर व्हॉल्यूम एलएस’मध्ये लांबलचक नावाचा व्हॉल्यूम शोधा, तो परत जोडता येतो. कंटेनर ‘--आरएम’ लावून चालवला असेल तर मात्र निनावी व्हॉल्यूमही त्याच्याबरोबर जातो. व्हॉल्यूमला सुरुवातीलाच नाव द्या, आणि तो कुठे जोडायचा हे इमेजच्या पानावर वाचा. पोस्टग्रेसच्या १८ व्या आवृत्तीच्या इमेजने ती जागा बदललेली आहे. जुन्या लेखातली ओळ जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

थांबवणं आणि पुन्हा उठणं

सर्व्हर रीबूट झाल्यावर कंटेनर आपोआप उठत नाहीत. ‘--रीस्टार्ट’ द्यावा लागतो. ‘ऑलवेज’ आणि ‘अनलेस-स्टॉप्ड’ यांत फरक असा, की तुम्ही हाताने थांबवलेला कंटेनर डॉकर पुन्हा सुरू झाल्यावर ‘ऑलवेज’मध्ये परत उठतो, ‘अनलेस-स्टॉप्ड’मध्ये उठत नाही. माझी पसंती दुसऱ्याला. ‘--आरएम’ आणि ‘--रीस्टार्ट’ एकत्र चालत नाहीत.

‘डॉकर स्टॉप’ला दर वेळी दहा सेकंद लागत असतील तर आतलं ॲप थांबण्याचा सिग्नल ऐकत नाहीये. डॉकर आधी विनंतीचा सिग्नल पाठवतो, दहा सेकंद वाट बघतो, मग मारून टाकतो. डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवण्याची कृती लिहिलेली फाइल) कमांड साध्या ओळीसारखी लिहिली की मध्ये शेल येतं आणि सिग्नल बहुधा तिथेच अडतो. चौकटी कंसातल्या यादीसारखी लिहा. तरी जमलं नाही तर सिग्नल पुढे पोचवणारी छोटी प्रोसेस जोडणारं ‘--इनिट’ देऊन बघा.

चालू कंटेनरमध्ये डोकावायला ‘डॉकर अटॅच’ नको. बाहेर पडायला कंट्रोल-सी दाबलं की सिग्नल आतल्या प्रोसेसला जातो आणि सर्व्हिस बंद. ‘डॉकर एक्झेक -आयटी’ने वेगळं शेल उघडा. चुकून अटॅच झालंच असेल आणि कंटेनर ‘-आयटी’ने सुरू केलेला असेल, तर कंट्रोल-पी आणि मग कंट्रोल-क्यू दाबून बाहेर या.

डॉकरसारखंच पॉडमन हे साधन वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. साध्या यूजरने ‘पॉडमन रन -डी’ने सोडलेला कंटेनर एसएसएचमधून लॉगआउट केल्यावर बंद पडला, तर दोष इमेजचा नसतो. यूजरचं शेवटचं सेशन संपलं की सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम, त्याच्या प्रोसेस आवरून घेतं. लॉगआउटनंतरही त्या चालू राहाव्यात म्हणून त्या यूजरसाठी ‘लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर’ एकदा चालवा आणि कंटेनर पुन्हा सुरू करा.