इंग्रजी जोडशब्दाची पाळंमुळं कशी खणायची

आधी एक करा, शब्दाच्या आजच्या स्पेलिंगवर अजिबात विश्वास ठेवू नका. नाइटमेअर घ्या. नाइट म्हणजे रात्र, मेअर म्हणजे घोडी, झाली रात्रीची घोडी, अन् लोकं त्यावर गोष्टही रचून मोकळे होतात. पण दोन्ही तुकडे वेगवेगळे डिक्शनरीत पाहा ना. हा मेअर जुन्या इंग्रजीतला, झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास कोंडणारं भूत. घोडीचा शब्दच वेगळा, आज फक्त दोन्ही सारखे दिसून राहिले.

ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी फुकट आहे, बरंचसं काम मोबाईलवरच भागते. कोणता शब्द लिखाणात पहिल्यांदा कधी दिसला हे उदाहरणासकट पाहायचं असेल तर ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, 1884 पासून भागाभागाने निघाली अन् 1928 ला पूर्ण झाली ती, कॉलेजच्या लायब्ररीत विचारा. नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांत जाडी चेंबर्स डिक्शनरी दिसली तर घेऊनच टाका, अर्थ संपले की खाली व्युत्पत्ती दिलेली असते. अन् एखाद्या रूपाआधी तारा (*) असला तर समजा, ते कुठे लिहिलेलं सापडलं नाही, पंडितांनी अंदाजाने बांधलंय.

मग बहिणी-भाषा, म्हणजे इंग्रजीसोबत एकाच मुळातून निघालेल्या भाषा, पाहा. विंडो जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून आला, विंड अधिक आउगा, वाऱ्याचा डोळा. डॅनिशमधे अजूनही विंदुए म्हणतात, जर्मनांनी मात्र लॅटिनवरून फेन्स्टर उचलला. शेजारच्या भाषेत जोडी सापडली की मूळ पक्कं व्हायला लागते.

काही शब्द नुसते जोडशब्दासारखे दिसतात, तिथं सांभाळा. हॅम्बर्गरमधे हॅम नाही, हॅम्बुर्ग शहर आहे. कॉकरोचमधे कोंबडा नाही, स्पॅनिश कुकाराचा आहे. अन् मंगूसमधला गूस पाहून हंस शोधत बसाल तर काय बाप्पा, तो तर आपला मुंगूस! 17व्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत गेला, तेलुगू-कन्नडमधेही जवळचेच शब्द आहेत. म्हणूनच अनेकवचन मंगीस नाही, मंगूसेस होते.

याच्या उलटही असते, जोड आहे पण घासून गेली. लॉर्ड मुळात ह्लाफवेअर्ड, ह्लाफ म्हणजे पाव अन् वेअर्ड म्हणजे राखणारा. लेडीतही तोच ह्लाफ आहे, फक्त तिथं पाव राखणारी नाही, कणीक मळणारी निघते.