ओबीएस स्टुडिओतून यूट्यूबवर थेट प्रक्षेपण

यूट्यूबवर पहिल्यांदा थेट प्रक्षेपणाची सुविधा सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून चॅनेलची पडताळणी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीच उरकून घ्यावी. मग यूट्यूब स्टुडिओतील (चॅनेल सांभाळण्याच्या पानावरील) स्ट्रीम की, म्हणजे प्रक्षेपण तुमच्या चॅनेलशी जोडणारा गुप्त संकेतांक, कॉपी करून ओबीएस या संगणकावरून प्रक्षेपण करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमधील ‘स्ट्रीम’ विभागात भरावी. ही की ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या चॅनेलवरून प्रक्षेपण करू शकतो, त्यामुळे ती कोणालाही दाखवू नये.

खरी काळजी घ्यावी लागते ती बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती पाठवली जाते त्याची. डाउनलोडचा नव्हे, तर अपलोडचा वेग मोजावा आणि त्यातला फार तर निम्माच वापरावा, कारण हा वेग सतत वरखाली होत असतो. ७२०पी चित्रासाठी सेकंदाला ३० फ्रेम, ४,००० केबीपीएस (किलोबिट प्रतिसेकंद) बिटरेट आणि २ सेकंदांचे कीफ्रेम (संपूर्ण चित्र साठवणारी फ्रेम) अंतर ठेवावे. माझ्या मते चित्रापेक्षाही आवाज महत्त्वाचा आहे. म्हणून बोलताना माइकची पट्टी पिवळ्या भागापर्यंत पोहोचेल, पण लाल भागाला स्पर्श करणार नाही, अशी पातळी ठेवावी.

ओबीएसच्या ‘सीन’मध्ये, म्हणजे प्रेक्षकांना दिसणाऱ्या दृश्याच्या मांडणीत, कॅमेरा जोडल्यावर यूट्यूबवर दृश्यमानता ‘खाजगी’ ठेवून दहा मिनिटांची चाचणी घ्यावी आणि ओबीएसच्या खालच्या पट्टीत फ्रेम गळताना दिसल्यास बिटरेट कमी करावा.